इरावती म्हणजे नेमकं काय?

मुलींच्या नावांची कुठलीही यादी उघडली आणि 'इ'पाशी थांबलं की इरावती भेटतेच. तिच्यापुढच्या अर्थाच्या रकान्यात मात्र दर यादीत वेगळंच काही असतं. कुठे वीज, कुठे रावी नदी, कुठे सरस्वती, कुठे ऐरावताची पत्नी, तर कुठे नुसतंच 'तेजस्वी'. संस्कृत शब्दाला अनेक अर्थ असणं नवीन नाही, पण इथे मामला वेगळा आहे. यातला एक अर्थ दुसऱ्याच शब्दाचा आहे, एक नात्यात घोटाळा करणारा, एक अर्धा बरोबर, आणि 'तेजस्वी' हा तर यादी करणाऱ्याला काहीच सुचलं नाही की लिहायचा हुकमी शब्द. मुळातला अर्थ, जो सगळ्यात साधा आणि माझ्या मते सगळ्यात चांगला आहे, तो मात्र बहुतेक याद्यांत नसतोच.

सर्रास आढळणाऱ्या नावाला हे खपून जातं. सुनीता म्हणजे काय, हे कुणी विचारत नाही. विरळ नावाला ती सवलत नसते. बारशाच्या दिवसापासून 'अर्थ काय हो?' सुरू होतं आणि ते मुलगी मोठी झाली तरी चालू राहतं. तेव्हा उत्तर आधीच पक्कं करून ठेवलेलं बरं.

असं नाव सोडवायला शेपटाकडून सुरुवात करावी. '-वती' हा शेवट म्हणजे संस्कृतातला 'मतुप्' प्रत्यय, 'ते जिच्यापाशी आहे ती' हा त्याचा अर्थ. प्रत्ययाचं मूळ रूप 'मत्'. ज्याला तो लागतो तो शब्द अ-आवर संपत असेल तर म चा व होतो; पाणिनीचा तसा नियमच आहे (8.2.9). म्हणून लीला-लीलावती, प्रभा-प्रभावती, कला-कलावती. पण भानु-भानुमती, इंदु-इंदुमती, मधु-मधुमती. पुल्लिंगात हाच प्रत्यय धनवान, गुणवान असा दिसतो. इरावतीचा पुरुष जोडीदार त्यामुळे इरावान. ते नाव महाभारतात आहे: अर्जुन आणि नागकन्या उलूपी यांचा मुलगा, जो भीष्मपर्वात अलंबुष राक्षसाच्या हातून मारला जातो. तमिळनाडूत त्याचा 'अरवान' झाला आणि कूवागमच्या उत्सवात तृतीयपंथी समाज आजही त्याला वरतो.

शेपूट बाजूला केलं की उरते 'इरा'. इथे अमरकोश, हा संस्कृतातला जुना शब्दकोश, उघडावा. नानार्थवर्गात, म्हणजे अनेक अर्थांच्या शब्दांच्या भागात, एका ओळीत सगळं आहे: 'इरा भूवाक्सुराप्सु स्यात्'. भूमी, वाणी, सुरा आणि पाणी, असे चार अर्थ. वेदांत याच शब्दाचा रोख पिण्याजोगं, पोसणारं, अंगी लागणारं असा आहे. पाणी, दूध, अन्नरस सगळं त्यात येतं. विष्णुपुराणात इरा ही कश्यपाची एक पत्नी, आणि तिची संतती म्हणजे वृक्ष, लता, वेली आणि तऱ्हेतऱ्हेचं गवत. म्हणजे तिथेही ओलाव्याचाच वंश.

'इरावती' हा अख्खा शब्द ऋग्वेदात सातव्या मंडलात येतो (7.99.3): 'इरावती धेनुमती हि भूतं सूयवसिनी मनुषे दशस्या'. सूक्त विष्णूचं, पण हे आर्जव आहे द्यावापृथिवीला, म्हणजे आकाश आणि पृथ्वी या जोडीला. तुम्ही दोघी माणसासाठी अन्नपाण्याने भरलेल्या व्हा, गाईंनी भरलेल्या व्हा, चांगल्या चाऱ्याच्या व्हा. इथे इरावती हे कुणाचं नाव नाही. ते विशेषण आहे, तेही द्विवचनी. आणि त्याच्या शेजारी काय बसलंय ते बघावं: गाई आणि चारा. तेज नाही, वीज नाही, सौंदर्य नाही. ज्याच्या घरी पाऊस वेळेवर पडतो, गोठा भरलेला असतो, त्याच्या तोंडचा शब्द आहे हा. मराठीत आपण 'भरल्या घरची' म्हणतो, त्याच्या जवळ जाणारा. कुणी अर्थ विचारला तर 'अन्नपाण्याने भरलेली' एवढं सांगितलं तरी पुरतं, आणि ते कुठल्याही यादीपेक्षा खरं असतं.

आता चुका. 'वीज' हा अर्थ कुठून आला, ते अमरकोशातच सापडतं. विजेच्या पर्यायशब्दांत शंपा, शतह्रदा, ऱ्हादिनी यांच्या पाठोपाठ 'ऐरावती' आहे. ऐरावती, इरावती नव्हे. एका मात्रेचा फरक, पण शब्द वेगळा आणि त्याची घडणही वेगळी. इरावत् म्हणजे पाणी असलेला, अर्थात समुद्र. त्यातून जन्मलेला तो ऐरावत, अशी जुनी फोड आहे, आणि ऐरावती हे त्या घराण्यातलं रूप. कुणीतरी कोशातून उतरवताना ऐकार गाळला असावा आणि मग एका यादीतून दुसरीत तो अर्थ वाहत गेला. वीज आवडत असेल तर मुलीचं नाव ऐरावती ठेवायला हरकत नाही, पण मग शाळेत हत्तीवरून होणाऱ्या थट्टेची तयारी हवी.

'ऐरावताची पत्नी' हा नात्याचा घोटाळा. वाल्मीकी रामायणात, अरण्यकांडात जटायू रामाला आपली वंशावळ सांगतो. तिथे भद्रमदेची मुलगी इरावती आणि इरावतीचा मुलगा ऐरावत, असा क्रम आहे. म्हणजे आई. ऐरावताची हत्तीण निराळी, तिचं नाव अभ्रमू; तेही अमरकोशात आहे. आईला बायको करून टाकणाऱ्या यादीवर बाकीच्या नावांसाठी किती विसंबायचं, हे ज्याचं त्याने ठरवावं. एखादी यादी पारखायची झाली तर हा एक प्रश्न तिला घालून बघायला चांगला आहे.

सरस्वतीचं अर्धं बरोबर. इरेचा एक अर्थ वाणी, त्यावरून वाग्देवता. पण हा अर्थ 'इरा'चा आहे. इरावती म्हणजे मग वाणी जिच्यापाशी आहे ती, सरस्वती स्वतः नव्हे. मुलीचं नाव नुसतं इरा ठेवणाऱ्यांना हा अर्थ सांगता येतो. इरावतीसाठी तो एक पायरी खाली उतरतो.

आणि सुरा. हा अर्थ लपवण्यात काही हशील नाही, कारण संस्कृत येणारा एखादा पाहुणा बारशालाच तो काढणार. गंमत अशी की या नावाची संस्कृत नाटकातली सगळ्यात ठसठशीत बाई नेमकी झिंगलेली आहे. कालिदासाच्या 'मालविकाग्निमित्रा'त इरावती ही अग्निमित्राची धाकटी राणी. तिसऱ्या अंकात ती मद्य घेतलेल्या अवस्थेत प्रमदवनात येते. पाय लटपटतायत, बरोबर दासी निपुणिका आहे, आणि समोर राजा मालविकेशी लाडीगोडी करताना दिसतो. त्यानंतर ती राजाला जे सुनावते आणि कंबरेची मेखला उचलून त्याच्यावर धावते, तो प्रसंग त्या नाटकातला सर्वांत जिवंत म्हणावा असा आहे. राजा पायांवर लोटांगण घालतो, ही ढुंकून बघत नाही. कालिदासाने नाव निवडताना सुरेचा अर्थ मनात धरला होता की नाही, हे सांगायला काही पुरावा नाही, पण ऐकणाऱ्या रसिकांच्या तो लक्षात आला नसेल असं वाटत नाही. सालस, सोशीक मुलीसाठी नाव शोधणाऱ्यांना ही राणी अडचणीची वाटेल. मला ती या नावाची जमेची बाजू वाटते.

भागवतातली इरावती त्यामानाने गृहस्थ आहे. विराटपुत्र उत्तराची ही मुलगी, परीक्षिताची राणी, जनमेजयाची आई (1.16.2). महाभारतात मात्र परीक्षिताच्या राणीचं नाव माद्रवती असं येतं. तेव्हा 'महाभारतातलं नाव' असं सांगताना जरा जपून. भागवताचा हवाला द्यावा, तो पक्का आहे.

मग नदी. यास्काने निरुक्तात, म्हणजे वेदांतल्या शब्दांची फोड करणाऱ्या जुन्या ग्रंथात, लिहून ठेवलंय: 'इरावतीं परुष्णीत्याहुः'. ऋग्वेदात जिला परुष्णी म्हटलं, जिच्या काठी सुदास राजाने दहा राजांशी युद्ध केलं, तीच इरावती. परुष्णी हे नाव मागे पडलं आणि इरावती चालू राहिलं, पण तेही लोकांच्या तोंडी झिजत गेलं. दोन स्वरांमधला त प्राकृतात गळतो, हे मराठी माणसाला सांगायला नको. शत-सय-शे, घृत-घय-घी ही त्याच वाटेने झालेली रूपं. इरावतीतला त गेला, सुरुवातीची इ गेली, आणि रावी राहिली. हिमाचलात उगम पावून चंब्यावरून, पुढे लाहोरवरून जाणारी आणि चिनाबला मिळणारी तीच ही नदी. सिकंदराच्या स्वारीविषयी लिहिणाऱ्या ग्रीकांनी तिला 'हायड्राओटीस' केलं. तेव्हा 'रावी नदी' हा यादीतला अर्थ चूक नाही, फक्त तो अर्थ नाही, तो पत्ता आहे. नदीला हे नाव पडलं ते ती पाण्याने भरलेली म्हणून.

तेच नाव पार पूर्वेला ब्रह्मदेशात गेलं. काचिन भागात मली आणि न्माई या दोन नद्यांच्या संगमातून निघून सुमारे 2,200 किलोमीटर वाहत अंदमान समुद्राला मिळणारी तिकडची मुख्य नदी. पाली-संस्कृतातलं नाव तिकडच्या उच्चारात मिसळलं, इंग्रजांनी त्याला दोन 'आर' आणि दोन 'डी' लावून आपलं रूप दिलं, आणि 1989 नंतर तिथल्या सरकारने 'एयावडी'च्या जवळ जाणारं अधिकृत स्पेलिंग घेतलं. इंटरनेटवर इरावती शोधताना या नदीच्या बातम्या आधी येतात, आणि त्यांच्यामागोमाग इरावती डॉल्फिन: बोथट डोक्याचा, करड्या रंगाचा, चोच नसलेला प्राणी. नाव ब्रह्मदेशातल्या नदीचं असलं तरी शास्त्राने त्याचं वर्णन केलं ते विशाखापट्टणमच्या बंदरात मिळालेल्या नमुन्यावरून, आणि आपल्याकडे तो ओडिशातल्या चिलिका सरोवरात दिसतो. लहान मुलीला आपल्या नावाचा प्राणी आहे, हे कळलं तर तिला परीक्षित आणि निरुक्त दोन्हींपेक्षा त्याचंच जास्त अप्रूप वाटेल.

महाराष्ट्रात हे नाव लोकांच्या कानी बसलं ते एका बाईंमुळे आणि त्या ब्रह्मदेशच्या नदीमुळे. इरावती कर्वे, आधीच्या करमरकर, 15 डिसेंबर 1905 रोजी ब्रह्मदेशात म्यिंजान इथे जन्मल्या. वडील तिकडे नोकरीला होते आणि गाव याच नदीच्या काठचं, म्हणून मुलीचं नाव इरावती. पुढे बर्लिनला जाऊन मानववंशशास्त्रात डॉक्टरेट, पुण्यात डेक्कन कॉलेजात अध्यापन, नातेसंबंधांवरचं संशोधन, आणि महाभारतावरचं मराठी लेखन. त्यांच्यामुळे या नावाला मराठीत जो रंग चढला तो अजून उतरलेला नाही. एखादं नाव फारच थोड्यांचं असलं की असंच होतं. सुनीता कशी असते, असं कुणी म्हणत नाही, कारण सुनीता शंभर तऱ्हांच्या भेटलेल्या असतात. इरावती मात्र मनात आधीच ठरलेली असते: शिकलेली, स्पष्ट बोलणारी, बहुधा चष्मा. नंतर अभिनेत्री इरावती हर्षे आणि नाटककार इरावती कर्णिक यांनी त्या चित्रात भर घातली, पण ते मोडलं नाही, उलट आणखी घट्ट केलं.

म्हणूनच या नावाबद्दलची मतं ठरावीक निघतात. 'छान आहे, वेगळं आहे' हे सगळ्यात आधी, आणि त्यात कौतुकाइतकाच 'आम्ही ठेवलं नसतं' हा सूरही असतो. मग 'पुस्तकी आहे'. मग 'पांढरपेशा, पुणेरी वाटतं'. हे शेवटचं मत हसण्यावारी नेण्यासारखं नाही. नावावरून घर ओळखायची आपल्याकडे जुनी खोड आहे, आणि तत्सम, चार अक्षरी, संस्कृत वाचलेल्याने काढलेलं नाव ऐकलं की ऐकणारा आडनाव न विचारताच जात आणि मोहल्ला ठरवून मोकळा होतो. नाव ठेवणाऱ्याला ते मान्य असो नसो, नाव घेणारीला हे ओझं मिळतं. दुसरीकडे 'जुनं वाटतं' असंही म्हणतात, आणि ते '-वती'मुळे. लीलावती, प्रभावती, कलावती, पुष्पावती ही आज्यांची नावं झाली, त्यांच्या रांगेत इरावतीही बसवली जाते. प्रत्यक्षात ती त्या पिढीतही विरळच होती, त्यामुळे ती कुठल्याच दशकाची म्हणून ओळखू येत नाही. विरळपणाचा हा एक खरा फायदा.

हा विरळपणाही जागेपुरता. जावात, पर्यायाने इंडोनेशियात, 'इरावती' हे बाईचं आणि 'इरावान' हे पुरुषाचं नाव अगदी रोजच्या वापरातलं आहे. तिकडच्या छायानाट्यात अर्जुनाचा मुलगा इरावान लाडका आहे आणि बलरामाच्या बायकोचं नावच एरावती आहे, आपल्याकडच्या रेवतीच्या जागी. नाव आंतरजालावर शोधलं की निम्म्या इरावती तिकडच्या निघतात. बंगालीत ती इराबती होते. आपल्याकडे दुर्मिळ म्हणून ठेवलेलं नाव परदेशी वर्गात एखाद्या जावानीज मुलीचंही असेल.

शास्त्राधार मागणारे नातेवाईक दोन वचनं काढतात. पहिलं मनुस्मृतीतलं (3.9): नक्षत्र, वृक्ष, नदी यांची नावं असलेल्या मुलीशी लग्न करू नये. हा नियम महाराष्ट्राने पाळला असता तर गंगू, गोदावरी, यमुना, कृष्णा, रेवती, रोहिणी आणि तुळसा या सगळ्या बिनलग्नाच्या राहिल्या असत्या. दुसरं पारस्कर गृह्यसूत्रातलं: मुलीचं नाव विषम अक्षरांचं, आकारान्त आणि तद्धित, म्हणजे नामाला लागणाऱ्या, प्रत्ययाचं असावं. इरावती चार अक्षरांची आणि ईकारान्त, म्हणजे दोन अटींत नापास. मतुप् हा तद्धितच, म्हणजे एकीत पास. इरा दोन अक्षरी, आकारान्त, प्रत्यय नाही. तीही तीनपैकी एकच. आता मनूच्याच दुसऱ्या श्लोकात (2.33) मुलीचं नाव उच्चाराला सोपं, कठोर नसलेलं, मनोहर आणि शेवटी दीर्घ स्वर असलेलं असावं, असं आहे, आणि त्यात इरावती छान बसते. वचनं अशी दोन्ही बाजूंनी मिळतात. ज्याला जे हवं ते तो काढतो.

जन्माक्षराचा घोळ जास्त व्यवहाराचा. पंचांगात कृत्तिकेच्या चार चरणांची अक्षरं अ, ई, उ, ए अशी दिलेली असतात. त्यातलं ई दुसऱ्या चरणाचं, रास वृषभ. तिथे दीर्घ ई छापलेली बघून काहीजण नाव 'ईरावती' असं लिहू लागतात. त्याची गरज नाही. जन्माक्षरात ऱ्हस्व-दीर्घ एकच धरतात. इंद्रजित आणि ईशान दोघेही त्याच चरणात बसतात. शब्द तत्सम आहे, त्यामुळे मराठी शुद्धलेखनातही पहिली इ मुळाप्रमाणे ऱ्हस्वच आणि शेवटची ती दीर्घ. अंकशास्त्राच्या नादाने आणखी एखादं अक्षर वाढवणाऱ्यांबद्दल बोलण्यासारखं काही नाही.

नाव कानाला कसं लागतं, हे कागदावर कळत नाही. इ-रा-व-ती, लघु-गुरु-लघु-गुरु. प्रमाणिका किंवा पंचचामर वृत्ताची चाल अशीच असते, म्हणून हाक मारताना नाव आपोआप ठेक्यात येतं. पण भरभर बोलताना 'व'तला अ गळून 'इराव्ती' होतं आणि फोनवर तर पहिली इ ऐकूच जात नाही. परिणामी समोरचा 'रेवती' लिहून घेतो, नाहीतर 'ऐरावती', आणि एखादा 'अमरावती का?' असंही विचारतो. यावर उपाय एकच: नाव दोन तुकड्यांत सांगावं, आधी 'इरा', मग जरा थांबून 'वती'. पहिला तुकडा आता ओळखीचा झालेला असल्यामुळे काम होतं.

घरी हे नाव पूर्ण कुणी घेत नाही, ते इरा किंवा इरू होतं. कर्व्यांच्या घरीही बाईंना इरूच म्हणत. इरा हे तसं स्वतंत्र नावही आहे आणि सध्या बरंच चालतं, पण मराठीत त्याला एक गमतीशीर काटा आहे. जुन्या पद्धतीने विभक्ती लावली तर सीता-सीतेला तशी इरा-इरेला, आणि 'इरेला' म्हटलं की पुढे 'पेटणे' आलंच. वर्गातली मुलं हा विनोद पहिल्याच महिन्यात शोधून काढतात. आता नावांना सामान्यरूप न करण्याची पद्धत रूढ झाल्याने 'इराला' म्हटलं की सुटका होते. घरातली आजी मात्र 'इरेला दूध दिलं का?' असंच विचारणार. पूर्ण नावाला ही भानगड नाही. ईकारान्त असल्याने इरावतीला, इरावतीने, इरावतीचा, काहीच बदलत नाही. देशाबाहेर गेल्यावर इरा या लघुरूपाचे आणखी नातेवाईक भेटतात. हिब्रूतून आलेलं इरा हे अमेरिकेत पुरुषाचं नाव आहे, रशियात इरा म्हणजे इरिनाचं लाडकं रूप, आणि लॅटिनमध्ये तो शब्द रागासाठी आहे. तिकडे शिकायला गेलेल्या मुलीच्या नावे 'मिस्टर' म्हणून पत्र आलं तर त्याचं कारण हे.

शेवटी कागद, आणि विरळ नावाची खरी परीक्षा तिथेच होते, कारण कारकुनाच्या हाताला त्याची सवय नसते. रोमन लिपीतला पहिला प्रश्न 'व्ही' की 'डब्ल्यू'. मराठीतला व या दोन्हींच्या मधला, त्यामुळे दोन्ही चालतात. कर्वे आपल्या इंग्रजी लेखनात डब्ल्यू वापरत, हर्षे व्ही वापरतात. कुठलंही घ्या, पण एकच घ्या आणि जन्मदाखल्यापासून घ्या. दुसरा प्रश्न 'टी' की 'टीएच'. दक्षिणेत नुसता टी हा ट साठी ठेवलेला असल्याने हैदराबाद-बंगळुरूत जन्मलेल्या मुलीच्या दाखल्यावर 'टीएच' हमखास येतं, आणि पुढे तेच महाराष्ट्रात कुणीतरी 'इरावथी' असं वाचतं. नदीचं इंग्रजी स्पेलिंग आवडलं म्हणून ते मुलीला लावू नये. एकतर कुणालाच ते पाठ राहत नाही, आणि त्यावरून देवनागरीत परत येताना 'इरावड्डी' होतं.

जन्माची नोंद 21 दिवसांत करायची असते, पण त्याच वेळी नाव दिलंच पाहिजे असं नाही. नाव न लिहिता नोंद झाली असेल तर ते बारा महिन्यांच्या आत विनाशुल्क घालता येतं, त्यानंतर पंधरा वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. ज्यांचं इरा की इरावती हे ठरत नसेल त्यांनी ही मुदत वापरावी. कारण एकदा नाव नोंदलं गेलं की निबंधकाकडे लेखनातली चूक दुरुस्त करून मिळते, पण मन बदललं म्हणून नाव बदलून मिळत नाही. त्याला पुढे राजपत्राची वाट धरावी लागते. माझं मत विचाराल तर दाखल्यावर इरावती लिहावं आणि घरी इरा म्हणावं. उलटं करता येत नाही. दाखल्यावर इरा लिहिलं की इरावती कायमची हातची गेली. महाराष्ट्रात 1 मे 2024पासून जन्मलेल्यांच्या नावात शासकीय कागदांवर स्वतःच्या नावानंतर आईचं, मग वडिलांचं आणि मग आडनाव असा क्रम आहे, तेव्हा चारही शब्द एकापुढे एक म्हणून बघावेत. आईचं नाव प्रभावती किंवा पद्मावती असेल तर दोन '-वती' लागोपाठ येतात. काहींना ते यमक आवडतं, काहींना नाही.

दोन लिपींचा सांधा ही सगळ्यात दुर्लक्षित जागा. आधारसारख्या नोंदणीत नाव इंग्रजीत टाइप केलं की मराठी रूप संगणक आपलं आपण तयार करतो, आणि रोमनमधल्या 'ए'वरून अ की आ, 'आय'वरून इ की ई, हे त्याला कळत नाही. सुनीताला तो चुकत नाही, कारण ते नाव त्याने हजारदा पाहिलेलं असतं. इरावतीचं तो 'इरवती' करतो, 'ईरावती' करतो, 'इरावति' करतो. पालक इंग्रजी स्पेलिंग डोळ्यांत तेल घालून तपासतात आणि खालची मराठी ओळ वाचतच नाहीत, मग शाळेच्या पटावर तीच चूक चढते आणि दहावीच्या अर्जापर्यंत येते. पावती छापण्याआधी ऑपरेटरला पडदा आपल्याकडे वळवायला सांगावं आणि तीन गोष्टी बघाव्यात: पहिली इ ऱ्हस्व, र ला काना, शेवटची वेलांटी दुसरी.